चूक माझी, मग तक्रार कुठल्या तोंडानं करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून:

मी पन्नाशी ओलांडलेली, मूळची सातारा जिल्ह्यातली. काही वर्षांपासून इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहते, एका केअर होममध्ये काम करते. रात्रपाळी संपवून घरी येताना ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी ३६ मैलांनी गाडी चालवल्याची नोटीस आली. दंड आणि लायसन्सवर चढणारे पॉइंट्स टाळायचे तर स्पीड अवेअरनेस कोर्स (वेगमर्यादेबद्दलचा वर्ग) करा, असा पर्याय पोलिसांनी दिला. तो मी घेतला. झूमवर मला अवघडल्यासारखं होतं म्हणून मुद्दाम वर्गातला कोर्स निवडला. हॉटेलचं सभागृह, वीसेक माणसं, दोन ट्रेनर.

लायसन्स दोनदा तपासलं. पाच-दहा मिनिटं उशिरा आलेल्या एका मुलीला दारातूनच परत पाठवलं. एक ट्रेनर बहुतेक वेळ मागे बसून फोन बघत होता. दुसऱ्यानं माझं नाव अर्धं वाचून सोडून दिलं आणि शेवटपर्यंत मला 'मिसेस इंडिया' म्हटलं. सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लावलं आणि वर म्हणाला, "तुमच्याकडे रस्त्यावर पहिला मान गाईचा, नाही का?" सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच आता जास्त राग येतो. एका वयस्क गृहस्थांना ऐकायला कमी येत होतं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला तर, "गाडीही अशीच चालवता का?" पुढे तोच म्हणाला, कॅमेरे काय, पैसे गोळा करायलाच लावलेले असतात. आणि ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी, "तुम्ही कुणाला सांगू नका, मीही सांगत नाही," म्हणून सगळ्यांना सोडून दिलं.

मिस्टर म्हणतात, पॉइंट्स वाचले ना, मग सोड विषय. मुलगी म्हणते हा सरळसरळ वंशभेद आहे, लिहून दे. मैत्रीण म्हणते, सिटिझनशिपचा अर्ज करायचाय, नसती भानगड नको. माझं मन म्हणतं, चूक माझीच होती, आता तक्रार कुठल्या तोंडानं करू? त्या माणसाची नोकरी गेली तर? आणि माझा कोर्सच रद्द धरला तर?

ता. क. हे सगळं गाडीच्या विमा कंपनीला सांगावं लागतं का?

*

नमस्कार,

तुम्ही दोन गोष्टी एकाच खात्यात लिहिल्यात, म्हणून हिशेब जुळत नाहीये. आधी त्या वेगळ्या करू.

३० च्या रस्त्यावर ३६, ही तुमची चूक. तिचं काय करायचं हे ठरलेलं आहे. इंग्लंडमधले पोलीस साधारणपणे ३० च्या हद्दीत ३५ ते ४२ मैलांच्या दरम्यान पकडलेल्यांना कोर्स देऊ करतात. मात्र गेल्या तीन वर्षांत तो केलेला नसावा लागतो. त्याहून जास्त वेग असेल तर पॉइंट्स, अगदीच जास्त असेल तर कोर्ट. तुम्हाला दुसरा पर्याय होता १०० पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट्स. तुम्ही कोर्स घेतलात, फी खिशातून भरलीत, ठरल्या वेळी हजर राहिलात, शेवटपर्यंत बसलात. ते खातं तिथं मिटलं.

दुसरी गोष्ट त्या सभागृहात घडली आणि ती दुसऱ्या कुणीतरी केली. दंडाच्या जागी कोर्स येतो, एवढाच हा व्यवहार. कोर्सच्या जागी टिंगल येते असं कुठंही लिहिलेलं नाही. पहिल्या चुकीमुळे दुसरीबद्दल बोलायचा हक्क जात असता, तर सिगारेट ओढणाऱ्या पेशंटला दवाखान्यात कुणी वाट्टेल ते बोललं असतं. तुम्ही केअर होममध्ये काम करता. तिथं एखाद्या आजोबांनी चारदा तेच विचारलं म्हणून कुणी "जेवतानाही असंच करता का?" म्हटलं, तर तुम्ही काय कराल? तुम्ही आधी त्या आजोबांची चूक शोधायला जाणार नाही, हे नक्की.

तुमच्या मिस्टरांचं 'सोड विषय' मला परकं नाही. आपल्याकडे आरटीओत काम असलं की एजंट गाठायचा, चौकात हवालदारानं अडवलं की त्याच्या विनोदाला हसायचं, कारण तो खूश राहिला तर पावती फाटत नाही. ज्याच्या हातात आपला कागद आहे त्याला नाराज करायचं नाही, हे आपण लहानपणापासून बघत आलो. तुम्ही त्या सभागृहात हसलात ते त्याच सवयीनं. स्वतःवर एवढं रागावू नका. वीस अनोळखी माणसांत, समोरच्याच्या हाती आपली हजेरी असताना माणूस हसतोच. तुम्ही हसलात म्हणजे तुम्हाला ते चाललं, असा अर्थ कुणी काढू नये. तुम्हीही काढू नका.

पण इथं कागद खरंच त्याच्या हातात आहे का? हे समजून घेतलंत तर निम्मी भीती जाईल. हे कोर्स सहसा पोलीस स्वतः घेत नाहीत. त्या त्या भागाचं पोलीस दल ते काम एखाद्या संस्थेला देतं, आणि तुम्ही भरलेल्या फीचा काही भाग पोलिसांकडे, बाकीचा त्या संस्थेकडे जातो. त्यांच्या वर यूके रोड ऑफेंडर एज्युकेशन नावाची ना-नफा संस्था आहे. कोर्समध्ये काय शिकवायचं ते देशभर एकसारखं ठरवणं, ट्रेनरना परवाना देणं, ते कसं शिकवतात यावर लक्ष ठेवणं, ही तिची कामं. म्हणजे तुमच्या ट्रेनरकडेही एक लायसन्स आहे, आणि त्यालाही नियम आहेत. त्या खोलीत लायसन्सची काळजी असलेली माणसं फक्त खुर्च्यांवरच बसली होती असं नाही.

आता थोडं तुमच्या विरुद्ध बोलतो. तुमच्या पत्रातल्या सगळ्याच गोष्टी तक्रारीच्या नाहीत, आणि सगळं एकत्र पाठवलंत तर जे खरं गंभीर आहे ते त्यात बुडून जाईल.

लायसन्स दोनदा तपासणं हा उद्धटपणा नव्हे. एकाच्या जागी दुसरा येऊन बसू नये म्हणून ओळख पटवायचीच असते. उशिरा आलेल्या मुलीचं वाईट वाटलं असेल, पण पूर्ण वेळ हजर राहणं ही या कोर्सची अट असते आणि उशीर झाला तर प्रवेश नाही हे बुकिंग करतानाच सांगितलेलं असतं. सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लावलं, हेही त्यांच्या कामात येतं. नुसतं बसून राहायचं नाही, भाग घ्यायचा, अशीच अपेक्षा असते. पन्नाशीत पुन्हा बाकावर बसून कुणी प्रश्न विचारला की कानशिलं तापतात हे खरं, पण तेवढ्यासाठी ट्रेनरला दोष देता येणार नाही. कंटाळवाणं बोलणं, स्वतःचेच किस्से, जुनाट स्लाइड्स असं काही असेल तर तेही शेवटच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून सोडून द्यायचं.

उरतं ते मात्र साधं नाही. नावाच्या जागी 'मिसेस इंडिया'. गाईचा विनोद. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची टवाळी. फोनमध्ये डोकं घातलेला दुसरा ट्रेनर. कॅमेऱ्यांबद्दलचं ते वाक्य. आणि लवकर सोडून देणं.

तुमच्या पत्रात शेवटच्या दोन गोष्टी ओझरत्या आल्यात. तुमचं मन अपमानावर अडकलंय, ते स्वाभाविकच आहे. पण संस्थेच्या दृष्टीनं पाहिलं तर वेळ कापणं सगळ्यांत जड आहे, कारण तिथं 'हेतू काय होता' हा वादच उरत नाही. कोर्स ठरलेल्या वेळेचा असतो, पोलिसांना तो पूर्ण झाल्याचं कळवलं जातं आणि तुम्ही पैसे त्या पूर्ण वेळेचे भरलेले असतात. "कुणाला सांगू नका" म्हणणाऱ्याला आपण काय करतोय हे नीट ठाऊक होतं.

आणि त्या कापलेल्या वेळात काय गेलं असेल? कदाचित नेमकं तुमच्या उपयोगाचं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या सरकारी पुस्तकात, गाडी थांबायला लागणारी अंतरं दिलेली आहेत. ३० मैलांच्या वेगाला २३ मीटर, ४० ला ३६ मीटर. तुमचा ३६ चा वेग या दोहोंच्या मधला. म्हणजे ३० च्या वेगानं जिथं तुमची गाडी थांबली असती तिथून आणखी कितीतरी मीटर पुढं ती गेली असती. रात्रपाळीनंतर तर ब्रेकवर पाय जायलाच वेळ जास्त लागतो. तसंच, रस्त्यावर वेगाची पाटी दिसत नाही पण दिव्यांचे खांब आहेत, तर वेगळी पाटी नसेल तोवर इंग्लंडमध्ये तो रस्ता ३० चा धरायचा, ही गोष्ट भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवून आलेल्या कितीतरी जणांना कुणी सांगितलेलीच नसते. वेल्समध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून असे बहुतेक रस्ते २० चे झालेत. कोर्स आहे तो यासाठी.

म्हणूनच 'कॅमेरे पैशांसाठी' हे वाक्य मला नुसतं वावगं वाटत नाही. चहाच्या टपरीवर कुणी म्हटलं असतं तर मान डोलावून पुढं गेलो असतो. पण ब्रिटनच्या परिवहन खात्यासाठी इप्सॉस मोरी या संस्थेनं या कोर्सचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. कोर्सला गेलेल्यांनी पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा वेगमर्यादा मोडण्याची शक्यता, दंड आणि पॉइंट्स घेतलेल्यांपेक्षा १२ ते २३ टक्क्यांनी कमी दिसली. अपघात कमी झाले का, याचा ठोस पुरावा मात्र त्या अभ्यासात मिळाला नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर आपणही त्या ट्रेनरसारखं सोयीचं तेवढंच बोललो असं होईल. तरीही कोर्सचा जो काही उपयोग होतो तो समोरचा माणूस मनापासून शिकवतो म्हणून होतो. शिकवणाराच "हे सगळं पैशांसाठी" म्हणू लागला तर मग १०० पौंड घेऊन मोकळं करणं परवडलं.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. हा वंशभेद आहे का?

ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे, इक्वालिटी ॲक्ट. त्यात वंश म्हणजे फक्त कातडीचा रंग नव्हे. राष्ट्रीयत्व आणि मूळ देशही त्यात येतो. लोकांना सेवा देणाऱ्यांना तो लागू आहे. त्यातली छळाची व्याख्या तुमच्या उपयोगाची आहे. नको असलेलं वर्तन, जे अशा एखाद्या गोष्टीशी संबंधित आहे आणि ज्याचा हेतू किंवा परिणाम माणसाची अप्रतिष्ठा करण्याचा आहे. हेतू 'किंवा' परिणाम. "तो गंमत करत होता" एवढ्यानं विषय संपत नाही. दुसऱ्या बाजूनं, तुम्हाला वाईट वाटलं एवढ्यानंही तो सिद्ध होत नाही. एकूण प्रसंग काय होता आणि तसं वाटणं वाजवी होतं का, हेही पाहिलं जातं. कमी ऐकू येणाऱ्या गृहस्थांच्या बाबतीत तर अपंगत्वामुळे लागणाऱ्या वाजवी सोयी करून देण्याची जबाबदारी याच कायद्यात आहे. प्रश्न पुन्हा सांगणं ही त्यातली अगदी किरकोळ सोय.

माझं मत असं, की मुलीचं म्हणणं बरोबर आहे, पण पत्राची सुरुवात त्या शब्दानं करू नका. 'वंशभेद' हा शब्द पहिल्या ओळीत आला की वाचणारा माणूस बचावाला बसतो आणि पुढची पंधरा वाक्यं तो त्या एका शब्दाशीच भांडत वाचतो. आधी काय बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहा. 'मिसेस इंडिया' आणि गाय ही वाक्यं पुरेशी बोलकी आहेत. शेवटी मात्र एक स्पष्ट ओळ टाका, की हे माझ्या मूळ देशावरून झालं असं मी समजते आणि तुमच्या समानता धोरणाखाली याचा विचार व्हावा. ही ओळ गाळू नका. ती नसेल तर तुमचं पत्र 'ट्रेनरची विनोदबुद्धी आवडली नाही' या फायलीत जाईल.

भीतीचं बोलू. मैत्रिणीला सांगा, हा कोर्स म्हणजे शिक्षा नव्हे आणि तो केल्यानं गुन्ह्याची नोंद होत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात वर्तणूक पाहतात ती कोर्टातली प्रकरणं, न भरलेले दंड, खोटी माहिती यांच्या अंगानं. एका खासगी संस्थेच्या ट्रेनरबद्दल तुम्ही सभ्य भाषेत लिहिलेल्या पत्राला तिथं रकानाच नाही.

कोर्स रद्द होण्याची भीती थोडी वेगळी आहे. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तुमच्या तक्रारीतच 'वेळ पूर्ण झाला नाही' असं येणार आहे. म्हणून क्रम पाळा. आधी संस्थेला फोन किंवा ईमेल करून साधा प्रश्न विचारा, की माझा कोर्स पूर्ण झाल्याचं पोलिसांना कळवलं आहे ना? लेखी उत्तर मागा. ते आलं की मग तक्रार पाठवा, आणि तिच्यात लिहा की सोडून देण्याचा निर्णय ट्रेनरचा होता, मी शेवटपर्यंत हजर होते. कमी शिकवलं गेलं ही तुमची कसूर ठरत नाही. आणखी एक आधार आहे. वेगमर्यादेचा साधा खटला घटनेच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आतच सुरू करावा लागतो. नोटिशीवरची तारीख बघून ठेवा. मात्र उत्तराची वाट बघताना महिनोन्महिने थांबू नका. आठवणी लवकर पुसट होतात आणि तक्रारीत त्यांचीच किंमत असते.

इथं इतर वाचकांसाठी थोडं थांबतो, कारण काहींची परिस्थिती याच्या उलट असते. ट्रेनरशी खटका उडाला आणि त्यानं 'कोर्स पूर्ण केला नाही' असा शेरा मारला, तर तक्रार निवांत लिहायची गोष्ट राहत नाही. त्याच दिवशी संस्थेला फोन करा, पुन्हा बसायला मिळेल का विचारा, लगेच ईमेलनं तेच कळवा. आणि माझी तक्रार चालू आहे म्हणून पोलिसांकडून आलेलं पत्र बाजूला ठेवू नका. पोलिसांची मुदत तुमच्या तक्रारीसाठी थांबत नाही. ब्रिटनची टेस्ट पास होऊन ज्यांना दोन वर्षं व्हायची आहेत त्यांनी तर जास्तच जपावं. त्या काळात सहा पॉइंट्स झाले की लायसन्स रद्द होतं आणि पुन्हा शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात. भारतात वीस वर्षं गाडी चालवली असली तरी इथं आपण 'नवे ड्रायव्हर'च.

त्या ट्रेनरची नोकरी जाईल का, हा तुमचा प्रश्न मला आवडला. ज्यानं तुमचं नाव उच्चारायचे कष्ट घेतले नाहीत त्याच्या पोटापाण्याचा विचार तुम्ही करताय. पण तुम्ही त्याला शिक्षा देत नाही आहात. तुम्ही काय पाहिलं ते सांगताय. पुढं त्याच्या वर्गात कुणी येऊन बसेल, त्याला पुन्हा प्रशिक्षण देतील, ताकीद देतील, किंवा आधीच्या तक्रारींच्या ढिगावर तुमची ठेवून काहीतरी मोठं करतील. तो ढीग आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही. तो असेल, तर त्याला ती नोकरी गमवायला लावणारे तुम्ही नव्हेत.

लिहायचं कसं? आज रात्री मराठीत लिहून काढा. सगळं. त्या क्षणी काय वाटलं, घरी येऊन काय वाटलं, मुलीशी काय बोलणं झालं. ते पत्र कुणाला पाठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यातून फक्त घडलेलं वेगळं काढा आणि ते इंग्रजीत, एका पानात बसवा. "ट्रेनरचं वागणं अत्यंत अपमानास्पद होतं" या वाक्यावर कुणाला काही करता येत नाही. "विश्रांतीनंतर, थांबण्याच्या अंतराचा विषय चालू असताना, त्यांनी मला मिसेस इंडिया म्हणून हाक मारली आणि अमुक वाक्य उच्चारलं," यावर करता येतं. कारण मग त्यांना दुसऱ्या ट्रेनरला विचारावं लागतं. वर बुकिंग क्रमांक, तारीख, ठिकाण, ट्रेनरची नावं आठवत असतील तर ती. नक्की आठवत नसेल तिथं 'साधारण' लिहायला लाजू नका. इंग्रजी फार सुबक हवं असं मुळीच नाही. मुलीकडून व्याकरण तपासून घ्या, पण वाक्यं तिला बदलू देऊ नका. तरुण मुलं आपल्या रागाला स्वतःचा राग जोडतात.

शेवटी काय हवंय ते लिहा. इथं बहुतेक तक्रारी फसतात. नुसतं "योग्य ती कारवाई व्हावी" म्हटलं की योग्य ती कारवाई झाल्याचं एका ओळीचं पत्र येतं. तुम्ही मागा: लेखी उत्तर, त्या दिवशी कोर्स किती वाजता संपल्याची नोंद आहे ते, आणि या ट्रेनरचा वर्ग कुणी जाऊन पाहणार आहे का ते. फी परत मागायची का? वेळ कापला गेलाय, तेव्हा मागणं चूक नाही. मी मात्र मागणार नाही. पैशांचा विषय आला की उत्तर देणाऱ्याला बरं वाटतं, अर्धी रक्कम देऊन तो गाय आणि गृहस्थ दोन्ही मिटवून टाकतो.

पत्र आधी कोर्स घेणाऱ्या संस्थेकडेच पाठवा, त्यांच्या तक्रार पद्धतीनुसार. त्यांनी टोलवलं तर त्यांच्या उत्तरासकट वर म्हटलेल्या यूके रोड ऑफेंडर एज्युकेशनकडे. थेट वर गेलात तर आधी खाली विचारा म्हणून परत पाठवतात. पोलिसांकडे जायचं ते फक्त नोटिशीबद्दल किंवा कोर्स पूर्ण झाला की नाही याबद्दल काही अडलं तरच. समानता कायद्याबद्दल नीट समजून घ्यायचं तर इक्वालिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिस ही मोफत हेल्पलाइन आहे. या कायद्याखाली कौंटी कोर्टात दावा करायचा झाला तर मुदत सहा महिन्यांना एक दिवस कमी एवढीच असते. या प्रकरणात तिथवर जावं असं मी म्हणणार नाही, पण मुदत माहीत असावी. संस्थेनं आपल्याबद्दल काय नोंदवलंय ते मागायचा हक्क तुम्हाला माहिती संरक्षण कायद्यानं आहे. त्यांना साधारण एका महिन्यात ती द्यावी लागते, तीही फुकट. पहिल्या पत्रात त्याची धमकी देऊ नका. गरज पडली तर दुसऱ्यात मागा.

नेटवर ट्रेनरच्या नावानं परीक्षण टाकावं, असं मुलगी सुचवेल. तिला थांबवा. नाव घेऊन जाहीर आरोप केला की तुम्हीच उत्तर देण्याच्या खुर्चीत जाता. जे वाचक ऑनलाइन कोर्स करतात त्यांना एक सूचना. चोरून रेकॉर्डिंग करू नका, ते सहसा कोर्सच्या अटींविरुद्ध असतं आणि तुमची बाजू त्यानंच कमजोर होते. शेजारी वही ठेवा, वेळ आणि वाक्य टिपा. तेवढं पुरतं.

त्या वयस्क गृहस्थांच्या वतीनं बोलायला जाऊ नका. त्यांना काय वाटलं हे तुम्हाला ठाऊक नाही, कदाचित घरी जाऊन त्यांनी तो किस्सा हसत सांगितलाही असेल. तुम्ही जे पाहिलं आणि ऐकलं तेवढं एका ओळीत लिहा.

आणि हे सगळं वाचून वाटलं की नको, अंगात ताकद नाही, रात्रपाळ्या आहेत, तर नका लिहू. तो पळपुटेपणा ठरत नाही. फक्त त्याआधी ते मराठी पत्र लिहून बघा. लिहून राग ओसरला तर तिथंच थांबा. ओसरला नाही, किंवा स्वतःबद्दल लिहायला संकोचच वाटतोय, तर निदान वेळ आणि कॅमेऱ्याचं वाक्य या दोनच गोष्टी चार ओळींत कळवा. त्यात तुमचा अपमान उघडा करावा लागत नाही, आणि संस्थेला तपासायला नेमकं काहीतरी मिळतं.

तुमच्या ता. क. बद्दल: कोर्स लायसन्सवर येत नाही, त्यामुळे विमा कंपनीला आपणहून कळवायला लागत नाही. पण काही कंपन्या फॉर्ममध्ये थेट विचारतात, की गेल्या काही वर्षांत असा कोर्स केलाय का. विचारलं असेल तर खरं लिहा. चुकीचं उत्तर दिलं तर पुढं क्लेमच्या वेळी ते अंगाशी येतं. विमा नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न नीट वाचून घ्या, कारण दर कंपनीचा प्रश्न वेगळा असतो. काही फक्त पॉइंट्स आणि दंडाबद्दल विचारतात. तिथं तुमचं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते खरं आहे.